मुलांच्या एक्झिक्युटिव्ह फंक्शनचं मूल्यमापन: नव्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी पायरीपायरीनं

रेफरलच्या, म्हणजे मुलाला आपल्याकडे पाठवतानाच्या, कागदावर बहुतेक वेळा त्याच तक्रारी असतात: लक्ष देत नाही, काम अर्धवट सोडतो, सांगितलेलं विसरतो. या तक्रारी खऱ्या असतात, पण त्यांवरून उपचार ठरवता येत नाहीत. एकाचं काम अर्धवट राहतं कारण सुरुवात कुठून करायची हेच त्याला उमगत नाही. दुसरीचं राहतं कारण मधली एक पायरी तिच्या मनातून निसटते आणि पुढचं सगळं चुकत जातं. तिसऱ्याला आपलं चुकल्याचं लगेच कळतं, पण दुसरा मार्ग सुचायच्या आत तो चिडून उठून जातो. लांबून पाहणाऱ्याला तिघंही सारखीच दिसतात.

म्हणून मूल्यमापन संपताना तुमच्याकडे तीन उत्तरं असायला हवीत. रोजच्या कुठल्या कामात, नेमक्या कुठल्या टप्प्यावर मूल अडतं? तिथे कुठली क्षमता कमी पडते? आणि कशा प्रकारची, किती मदत मिळाली की ते पुढे सरकतं? तिसरं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण उपचार तिथूनच सुरू होतात. नवख्या थेरपिस्टकडून नेमकं तेच नोंदवायचं राहतं. चाचणीचे आकडे हाती आले की काम झाल्यासारखं वाटतं, पण तसं ते झालेलं नसतं.

१. आधी चौकट मनात पक्की करा

एक्झिक्युटिव्ह फंक्शन हे एका क्षमतेचं नाव नाही, काम ठरवून, स्वतःला आवरून ते शेवटपर्यंत नेणाऱ्या क्षमतांच्या गटाचं आहे. अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात तीन घटक पुढे आले आणि आजही बहुतेक जण तेच पायाभूत धरतात. पहिला इन्हिबिशन, म्हणजे हात किंवा तोंड आपोआप जिकडे जातंय तिकडून आवरणं. दुसरा वर्किंग मेमरी: माहिती मनात धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं. तिसरा शिफ्टिंग, म्हणजे एक नियम सोडून दुसऱ्यावर जाणं. नियोजन, सुरुवात करणं, वेळेचा अंदाज, सामान लावून ठेवणं, आपलंच काम तपासणं या गोष्टी या तिघांच्या जोरावर उभ्या राहतात. भावना आवरण्याचाही यांच्याशी जवळचा संबंध आहे.

वयाप्रमाणे काय अपेक्षित आहे, हे पाठ असल्याशिवाय निरीक्षणाला अर्थ नाही. पत्ते आधी रंगाप्रमाणे आणि मग आकाराप्रमाणे वेगळे करायला सांगण्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे. तीन वर्षांचं मूल नवा नियम तोंडानं बरोबर सांगतं आणि हातानं मात्र पत्ता जुन्या नियमाप्रमाणेच ठेवतं. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमतो. पण अनेक दिवसांचं नियोजन करणं, एखाद्या कामाला किती वेळ लागेल ते आधी सांगणं हे किशोरवयातही घडतच असतं. मेंदूच्या पुढच्या भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. सहा वर्षांच्या मुलानं वेळापत्रक बघून स्वतःचं दप्तर भरावं ही अपेक्षा मोठ्यांची असते. त्या वयात ते जमलं नाही तर ती कमतरता नव्हे, हे पालकांना सांगणंही मूल्यमापनाचाच भाग आहे.

२. रेफरल वाचताना: दुसरं काही आड येतंय का?

कामात अडणाऱ्या प्रत्येक मुलाला एक्झिक्युटिव्ह फंक्शनचीच अडचण असते असं नाही. सूचना ऐकूच नीट आली नाही तर ती लक्षात कशी राहील? भाषा समजायला जड जात असेल तर तीन पायऱ्यांची सूचना वर्किंग मेमरी कमी पडल्यामुळे चुकली की शब्द न कळल्यामुळे, हे ठरवता येत नाही. हातांचा समन्वय कच्चा असलेलं मूल लिहायला सुरुवात करत नाही, आणि ते पुष्कळदा आळशीपणा किंवा सुरुवात न जमणं म्हणून नोंदवलं जातं. झोप अपुरी असेल, घोरणं असेल, भीती किंवा काळजी असेल, तर लक्ष, आवर आणि स्मरण तिन्ही ढासळतात.

म्हणून पहिल्या भेटीआधीच ऐकण्याची आणि दृष्टीची तपासणी झाली आहे का ते विचारा. झोपेचे तास, फिट्सचा इतिहास, डोक्याला मार, वेळेआधी झालेला जन्म, चालू असलेली औषधं यांची माहिती घ्या. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष आणि आवर कमी पडण्याच्या विकारासाठी, मिथाइलफेनिडेट चालू असेल तर गोळी किती वाजता घेतली हे त्या दिवशीच्या नोंदीवर हवंच. लवकर ओसरणाऱ्या प्रकाराचा परिणाम साधारण चार तास टिकतो. त्यामुळे सकाळी अकराला आणि दुपारी चारला तुमच्यासमोर जणू दोन वेगळी मुलं असू शकतात.

आणखी एक सीमा सुरुवातीलाच आखून घ्या. एडीएचडी किंवा ऑटिझमचं निदान हे तुमच्या मूल्यमापनाचं उद्दिष्ट नव्हे. रोजच्या जगण्यात, म्हणजे घरी, वर्गात, खेळात, स्वतःची कामं करताना काय होतं, ते दाखवणं हे आपलं काम आहे. निदान करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, पण त्याची जागा ते घेत नाही.

३. मुलाखत: सवय विचारू नका, कालची सकाळ विचारा

"त्याचं लक्ष कसं असतं?" असा प्रश्न विचारला की "अजिबात नसतं" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी म्हणा, "काल सकाळी तो उठला तिथपासून घराबाहेर पडेपर्यंत काय काय झालं ते सांगा." मग मध्येमध्ये छोटे प्रश्न: कपडे घाल असं किती वेळा सांगावं लागलं? सांगितल्यावर तो उठला, की "हो" म्हणून तिथेच बसला? मोजा सापडेना तेव्हा शोधायला कुणी सुरुवात केली? डबा घ्यायचा राहिला हे त्याला स्वतःला आठवलं की तुम्हाला? अशा एका सकाळीत सुरुवात करणं, क्रम, सामान लावणं, स्वतःवर नजर ठेवणं सगळं दिसून जातं. शिवाय घरचे आत्ताच किती मदत करताहेत हेही कळतं. आई प्रत्येक पायरी सांगत असेल तर मुलाची अडचण प्रश्नावलीत दिसते त्याहून बरीच मोठी असू शकते.

"मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणायचं?" हा प्रश्न पालक विचारतातच. त्याचं नीट उत्तर तयार ठेवा. खेळात पुढे काय करायचं ते पडदा सांगतो, चूक झाली की लगेच दाखवतो, बरोबर आलं की लगेच बक्षीस देतो. सुरुवात, क्रम, तपासणी हे सगळं खेळच मुलासाठी करतो. गृहपाठात यातलं काहीच बाहेरून मिळत नाही. हा फरक पालकांना कळला की मुलावरचा "मुद्दाम करतो" हा शिक्का निम्मा पुसला जातो.

शिक्षकांशी बोलताना वर्गातली वेळ नेमकी धरा: तास बदलताना, गटात काम करताना, फळ्यावरून उतरवून घेताना. आणि मुलाला स्वतःला विचारल्याशिवाय मुलाखत संपवू नका. "तुला कुठलं काम नको नको वाटतं?" आणि "कुठल्या कामात कुणी ओरडलेलं तुला आवडत नाही?" हे दोन प्रश्न पुरतात. आठनऊ वर्षांपुढच्या मुलांबरोबर सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) वापरता येतं. ही पद्धत १९९१ साली कॅनडात प्रसिद्ध झाली. त्यात मूल स्वतः निवडलेल्या कामांना आपण ती कशी करतो आणि त्याबद्दल किती समाधानी आहोत यासाठी १ ते १० गुण देतं. लहान मुलांबरोबर चित्रं दाखवून विचारणं सोपं जातं.

४. प्रश्नावली: ब्रीफ-२ कशी वाचायची

रोजच्या वागण्यावरून एक्झिक्युटिव्ह फंक्शन मोजणारी, सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे ब्रीफ. ती २००० साली आली आणि तिची दुसरी आवृत्ती, ब्रीफ-२, २०१५ साली. ती ५ ते १८ वर्षांसाठी आहे. पालकांचा आणि शिक्षकांचा असे दोन फॉर्म, प्रत्येकी ६३ विधानांचे. ११ वर्षांपुढची मुलं स्वतः भरतील असा तिसरा फॉर्म ५५ विधानांचा. दोन वर्षांपासून शाळेआधीच्या मुलांसाठी ब्रीफ-पी वेगळी आहे. प्रत्येक विधानापुढे कधीच नाही, कधी कधी, अनेकदा यांपैकी एक निवडायचं असतं.

गुण टी-स्कोअरमध्ये, म्हणजे इतर मुलांशी तुलना करून काढलेल्या आकड्यात, मिळतात. सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. इथे नवे लोक हमखास गोंधळतात: ब्रीफमध्ये आकडा जितका मोठा तितकी अडचण जास्त. ६५ आणि त्यावरचे गुण काळजीचे मानतात. एकूण बेरजेकडे धाव घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, उत्तरांच्या विश्वासार्हतेच्या पट्ट्या. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत का, भरणाऱ्यानं सरसकट टोकाचंच लिहिलंय का, ते त्या सांगतात. दुसरी, वर्तन, भावना आणि विचार असे तीन निर्देशांक. भावनांचा आकडा चढलेला आणि विचारांचा साधारण असेल तर तुमची कामं ठरवताना त्याचा विचार हवा. तिसरी, सुटी विधानं. पालकांनी "अनेकदा" लिहिलेली सगळी विधानं एका कागदावर काढा आणि एकेकासाठी विचारा, "याचं एखादं उदाहरण सांगाल?" आकड्यांपेक्षा या दहा मिनिटांतून कितीतरी जास्त कळतं.

घरचा आणि शाळेचा आकडा जुळला नाही तर कुणीतरी खोटं लिहिलंय असं समजू नका. शाळेत घंटा असते, वेळापत्रक असतं, शेजारच्याकडे बघून करता येतं. घरी हे आधार नसतात. उलटही होतं: शांत घरात ठीक असणारं मूल चाळीस जणांच्या वर्गात कोलमडतं. कुठल्या परिस्थितीत अडचण वाढते हे हा फरकच दाखवतो, आणि परिस्थिती बदलणं हे आपल्या उपचारांचं मोठं साधन आहे.

मानकं, म्हणजे तुलनेसाठीचे गुण, कुठल्या मुलांवर काढली आहेत हे मॅन्युअलमध्ये बघा. तुमच्यासमोरचं मूल वेगळ्या भाषेत, वेगळ्या रिवाजांत वाढलेलं असेल किंवा तुम्ही विधानं तोंडी भाषांतर करून विचारली असतील, तर टी-स्कोअर जसाच्या तसा लिहिणं योग्य नाही. विधानांवरून निघालेलं वर्णन लिहा आणि असं का केलं ते रिपोर्टमध्ये एका ओळीत नमूद करा.

५. टेबलावरच्या चाचण्या

यांत नियोजन आणि नियम पाळणं बघणारी बॅड्स-सी ही चाचणी थेरपिस्टना जवळची वाटते, कारण तिच्यातली कामं रोजच्या कामांच्या जरा जवळ जातात. ती २००३ साली आली आणि ८ ते १६ वर्षांसाठी आहे. तिच्यातला प्राणिसंग्रहालयाच्या नकाशाचा भाग समजून घ्या. पहिल्या फेरीत मुलानं ठरावीक ठिकाणांना भेट देणारा रस्ता काही नियम पाळून स्वतः आखायचा असतो. दुसऱ्या फेरीत तोच नकाशा, पण कुठून कुठे जायचं तो क्रम लिहून दिलेला. पहिली फेरी बिघडली आणि दुसरी नीट झाली, तर मुलाला सूचना पाळता येतात, स्वतः योजना आखणं जड जातं. दोन्ही बिघडल्या तर नियम धरून ठेवणं, घाई, किंवा नकाशा वाचणंच अवघड जाणं, या दिशेनं शोधायचं. याच चाचणीतल्या सहा भागांच्या कामात थोड्या वेळात सहाही भागांना हात लावायचा असतो. पहिलाच भाग पूर्ण करत बसणारं मूल तिथे लगेच ओळखू येतं.

लक्ष, आवर, नियोजन अशा क्षमता तपासणाऱ्या नेप्सी-२, डी-केफ्स, टी-च अशा आणखी चाचण्या आहेत. त्यांतल्या काही विकत घ्यायला आणि वापरायला ठरावीक पात्रता लागते. मानसतज्ज्ञांनी त्या आधीच घेतल्या असतील तर पुन्हा घेऊ नका, त्यांचा रिपोर्ट मागवा. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा घेतली की सरावामुळे गुण वाढलेले दिसतात.

एक गोष्ट मात्र मनावर ठसवून ठेवा. टॉपलॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २०१३ साली प्रश्नावल्या आणि टेबलावरच्या चाचण्या यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र पाहिले. त्यांच्यातल्या सहसंबंधांची मध्यगा (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणं) फक्त ०.१९ निघाली. म्हणजे ही दोन साधनं बरीचशी वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शांत खोली, एकच माणूस समोर, एका वेळी एक काम, सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी हे सांगणारा आवाज: चाचणीची खोली हाच मुलाला मोठा आधार असतो. डोक्याला मार लागलेली काही मुलं चाचणीत सरासरी गुण मिळवतात आणि घरी साधी बॅग भरताना हरवून जातात. चाचणी चांगली गेली म्हणून पालकांची तक्रार खोडून काढू नका.

६. मूल काम करताना बघा

ऑक्युपेशनल थेरपीचं खरं बळ इथे आहे, आणि भेटींमधला सर्वाधिक वेळ मी इथे देते. दुसऱ्या कुठल्याही व्यावसायिकाला मूल एखादं खरंखुरं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करताना बघायला सहसा मिळत नाही.

यासाठी तयार साधनं आहेत. पाच ते आठ वर्षांसाठी डू-ईट, त्यात मूल सँडविच आणि चॉकलेट दूध तयार करतं आणि स्वतःसाठी प्रमाणपत्र बनवतं. आठ ते बारा वर्षांसाठी चिल्ड्रन्स किचन टास्क असेसमेंट, थोडक्यात सीकेटीए. चित्रांची कृती बघून खेळायचं पीठ मळायचं आणि मुलाला किती मदत लागली यावरून गुण द्यायचे. बारा वर्षांपुढे जोन टोग्लिया यांची वीकली कॅलेंडर प्लॅनिंग अ‍ॅक्टिव्हिटी: आठवड्याच्या तक्त्यात १७ भेटी बसवायच्या, त्याही काही नियम सांभाळून. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, एक दिवस मोकळा ठेवायचा, अमुक वेळ झाली की सांगायचं. मॅन्युअल हाती असेल तर त्यातला एकही शब्द बदलू नका. नसेल तर स्वतःचं काम ठरवून निरीक्षण करता येतं, फक्त त्याला गुण देऊ नका आणि "प्रमाणित" म्हणू नका.

स्वतःचं काम ठरवताना चार गोष्टी जमवा. काम मुलाला नवं असावं, कारण रोजच्या कामात सवय चालते, विचार लागत नाही. सात-आठ पायऱ्या असाव्यात. टेबलावर गरजेपेक्षा थोडं जास्त सामान असावं, म्हणजे निवड करावी लागते. आणि मध्येच आठवण ठेवायची एक गोष्ट असावी, जसं "मोठा काटा सहावर आला की मला सांग". हातांचं कौशल्य मात्र मुलाला सहज जमेल इतकंच ठेवा, नाहीतर तुम्ही कात्री चालवणंच तपासत बसाल.

समजा नऊ वर्षांची मुलगी आहे. लेखी सूचना वाचून तिनं घड्या घालून, कापून, चिकटवून एक छोटी वही करायची आहे. नोंद साधारण अशी दिसेल:

०:०० सूचनांचा कागद हातात घेतला. नजर वरून खाली एकदाच गेली.
०:२० गोंद उघडला. अजून कागद घडी केलेला नाही.
०:३५ थांबली. माझ्याकडे पाहते. मी गप्प.
०:५० "आता?" मी: "तुला काय वाटतं?" पुन्हा सूचनांकडे पाहिलं, बोट तिसऱ्या ओळीवर.
१:४० पहिली घडी. नीट, कडा जुळवून.
४:१० दोन पानं उलटी चिकटली. थबकली, "अरे", पण सोडवली नाही, तिसरं त्यावरच चिकटवलं.
६:०० काटा सहावर. काही म्हणाली नाही.
७:३० "झालं." कव्हर राहिलंय. सूचनांकडे परत पाहिलं नाही.

या आठ ओळींत बरंच काही आहे. हात चांगले आहेत. वाचता येतं. वाचताना योजना तयार होत नाही, डोळ्यांसमोर जे आकर्षक त्यापासून सुरुवात होते. एका खुल्या प्रश्नानं ती परत कागदाकडे वळली, म्हणजे हलक्या मदतीचा उपयोग होतो. चूक तिला दिसली, "अरे" म्हणाली, पण दुरुस्तीकडे वळणं झालं नाही. वेळेची सूचना मनातून गेली. आणि झालं म्हणण्याआधी तपासणी नाही. "लक्ष नाही" या दोन शब्दांत हे काहीच बसलं नसतं.

नोंदी अशाच लिहा: काय दिसलं, काय ऐकू आलं, किती वाजता. "गोंधळली", "कंटाळली" हे तुमचे अर्थ आहेत, ते नंतर वेगळ्या रकान्यात. पालकांच्या परवानगीनं व्हिडिओ घेता आला तर उत्तम.

७. मदत मोजून द्या

मदतीची शिडी आधी ठरवलेली हवी, नाहीतर दोन मुलांची किंवा त्याच मुलाच्या दोन भेटींची तुलना करता येत नाही. मी वापरते ती क्रमानं अशी: आधी थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे. मग खुला प्रश्न, "आता पुढे काय?" मग खूण, सूचनांच्या कागदाकडे बोट. मग थेट सांगणं, "आता घडी घाल." मग हाताला धरून करायला लावणं. शेवटी आपणच करून देणं. प्रत्येक अडथळ्याला कुठल्या पायरीवर काम पुढे सरकलं ते लिहा. ही शिडी सीकेटीएच्या विचाराशी जुळणारी आहे. ते साधन वापरताना अर्थातच मॅन्युअलमधल्या पायऱ्या.

थांबणं ही सगळ्यात अवघड पायरी आहे. आपण मदत करणारी माणसं, आपला हात आपोआप पुढे जातो. आणि नकळत दिलेली मदत नोंदीत कधीच येत नाही: बरोबर वस्तूकडे गेलेली आपली नजर, चुकीच्या वस्तूला हात लागताच बदललेला आपला चेहरा, "छान!" हा शब्द फक्त बरोबर पायरीनंतर म्हणणं. मुलं हे सगळं वाचतात. आईवडील खोलीत असतील तर त्यांना मुलाच्या पाठीमागे बसवा आणि गप्प राहणं का गरजेचं आहे ते आधी समजावून सांगा. सुरक्षिततेला अपवाद नाही: कात्री धोकादायक धरली तर शिडी विसरून लगेच थांबवा आणि तसं लिहा.

पहिली फेरी संपली की वेळ असल्यास कामाची रचना बदलून दुसरं, तेवढंच अवघड काम द्या. सूचना एका कागदाऐवजी एकेका कार्डावर. किंवा जास्तीचं सामान काढून टाकून. किंवा सुरुवात करण्याआधी "तू काय काय करणार ते मला सांग" असं म्हणून. कुठल्या एका बदलानं काम सुटलं हे दिसलं की उपचारांची पहिली ओळ तुम्हाला मिळाली. वरच्या मुलीबाबत मी कार्डांपेक्षा "आधी सांग, मग कर" हेच आधी करून पाहीन, कारण तिची गाडी योजनेवर अडली होती.

काम झाल्यावर लगेच मुलाला विचारा: कसं झालं? कुठे अवघड गेलं? पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील? सगळं चुकूनही "एकदम मस्त" म्हणणारं मूल आणि चांगलं करूनही "मला येतच नाही" म्हणणारं मूल, दोघांसाठी उपचार वेगळे असतात.

८. सगळं जुळवून बघणं

एका कागदावर उभे रकाने आखा: पालक, शिक्षक, मूल स्वतः, प्रश्नावली, चाचणी, प्रत्यक्ष काम. आडव्या ओळींत सुरुवात, आवर, वर्किंग मेमरी, बदल, नियोजन, तपासणी, भावना. जे तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसतं तेच निष्कर्षात घ्या. एकाच ठिकाणी दिसलेली गोष्ट प्रश्न म्हणून ठेवा. न जुळणाऱ्या खुणा दाबून टाकू नका, त्या दिवशी मुलाला ताप होता का, काम कंटाळवाणं होतं का, हे तपासा.

९. रिपोर्ट आणि उद्दिष्टं

रिपोर्ट आई, शिक्षक आणि डॉक्टर तिघंही वाचतात. "नियोजनक्षमता सरासरीपेक्षा कमी" यातून शिक्षकांना काहीच करता येत नाही. "अनेक पायऱ्यांचं नवं काम दिलं की ती समोर दिसेल तिथून सुरुवात करते. आधी क्रम तोंडी सांगायला लावला की पायऱ्या बऱ्याचशा बरोबर येतात. चूक तिला दिसते, पण दुरुस्त करायला आठवण लागते." हे वाचून शिक्षक दुसऱ्याच दिवशी वर्गात काहीतरी वेगळं करू शकतात. मुलाला काय चांगलं जमतं ते पहिल्या परिच्छेदात लिहा, शेवटी दिलासा म्हणून नको. त्या जोरावरच पुढचं उभं करायचं असतं.

उद्दिष्ट कामाच्या भाषेत हवं आणि त्यात मदतीची पायरी हवी: "शाळेच्या आठवड्यातले चार दिवस, भिंतीवरची यादी बघून, एकदाच खुला प्रश्न विचारल्यावर ती दुसऱ्या दिवशीचं दप्तर पूर्ण भरेल." प्रगती बारीक मोजायची असेल तर १९६८ पासून वापरात असलेली गोल अटेनमेंट स्केलिंग पद्धत सोयीची आहे. उणे २ ते अधिक २ अशा पाच पातळ्या. त्या मदतीच्या शिडीवरूनच तयार करता येतात: अपेक्षित पातळी खुल्या प्रश्नाची, त्यावरची आपणहून, त्याखालची थेट सांगितल्यावर. मुलाला समजेल अशा शब्दांत हे उद्दिष्ट त्यालाही सांगा आणि ते त्याला हवंय का ते विचारा. नको असेल तर दुसरं काम निवडा, कौशल्य तेच ठेवता येतं.

१०. पुन्हा मूल्यमापन

तेच काम पुन्हा दिलं तर ते नवं राहत नाही आणि सुधारणा खोटीच मोठी दिसते. म्हणून पहिल्याच वेळी तेवढ्याच पायऱ्यांचं दुसरं काम तयार करून बाजूला ठेवा. वेळ, खोली, गोळीची वेळ शक्य तितकी सारखी ठेवा. ब्रीफ घाईनं पुन्हा भरून घेऊ नका. ती आधीच्या काही महिन्यांच्या वागण्याबद्दल विचारते, त्यामुळे तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर भरून घेतली तर तिच्यात जुनेच दिवस मिसळलेले असतात. सीओपीएममध्ये २ किंवा अधिक गुणांचा फरक महत्त्वाचा मानण्याची पद्धत आहे. आणि तुलना करताना काम पूर्ण झालं की नाही यापेक्षा शिडीवर किती हलक्या पायरीची मदत पुरली ते आधी बघा. वही याही वेळी अर्धवट राहिली असेल, पण मागच्या वेळी जिथे थेट सांगावं लागलं होतं तिथे आता नुसतं थांबणं पुरलं असेल, तर उपचार योग्य दिशेनं चालले आहेत असं पालकांना नोंदी दाखवून सांगा.